माळ उतरवायची बैठक

मुंगसे घराण्यात कुणाला वाईट काही बोलायचं असलं, की आधी त्याच्याच घरचे पोहे खायची पद्धत आहे. त्या रविवारी दुपारी चार वाजता पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये पोहे झाले, चहा झाला, “वहिनी, हाताला चव आहे तुमच्या” हेही म्हणून झालं. मग मारुतरावांनी रिकामी प्लेट टीपॉयखाली सरकवली आणि घसा खाकरला.

दुर्गाबाईंनी पदर सावरला. लग्न होऊन सदतीस वर्षं झाली होती आणि धाकट्या दिराचा हा खाकरा त्यांनी तीनदा ऐकला होता. जमिनीच्या वाटणीला, सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, तेराव्याला आणि मुलाच्या, निरंजनच्या, लग्नात. तिन्ही वेळा नंतर महिनाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

“दादा, राग मानू नको,” मारुतराव म्हणाले. “आमी तुझ्या भल्यासाठीच आलोय.”

भलं करायला माणूस सहसा एकटा जात नाही, साक्षीदार लागतात. मारुतरावांनी चाकणहून मुलगा जयदीपला सोबत आणलं होतं. जयदीप एकोणतीस वर्षांचा, कीर्तनकार, यूट्यूबवर स्वतःचं चॅनेल. झब्ब्याला इस्त्री अशी, की तो नमस्काराला वाकला तरी झब्बा ताठच. पण दुर्गाबाईंना खरा धक्का बसला तो त्यांच्या स्वतःच्या मुलाचा. निरंजन बापाशेजारची खुर्ची मोकळी सोडून काकाच्या बाजूला सोफ्यावर बसला होता.

ज्यांचं भलं व्हायचं होतं ते मालोजी खिडकीपाशी होते. वय सहासष्ट. पस्तीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात लेथ मशिनवर आणि त्याहून जास्त वर्षं कीर्तनात. सकाळी पहिली पाळी, संध्याकाळी नारदाची गादी, असं आयुष्य काढलेला माणूस. आज त्यांनी हनुवटीखाली हाताचा टेकू दिला होता. डावी पापणी अर्ध्यावर उतरली होती. पोहे तसेच होते. बघणाऱ्याला वाटावं, माणूस बसल्या जागी झिंगलाय. आणि बघणारे तेच बघायला आले होते.

“व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय,” मारुतराव म्हणाले.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा. गेल्या एकादशीला चाकणजवळच्या गावात मालोजींचं कीर्तन झालं, त्यातला. डोळा मिटत चाललाय, शब्द नाकातून येतायत, मध्येच तांब्यातलं पाणी प्यायला जातात तर तेही नाकातून बाहेर येतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘बुवा आज वेगळ्याच रंगात’. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्रेचाळीस माणसं. त्रेचाळीस जणांनी पाहिला. “बुवा, बरं वाटत नाही का?” म्हणून एकाचाही फोन आला नाही. जोडलेल्या हातांची चित्रं मात्र बरीच आली. हात कुणाला जोडले होते, ते पांडुरंगाला ठाऊक.

“गळ्यात तुळशीची माळ हाय तुझ्या. माळकऱ्यानं दारूला शिवायचं न्हाई, हे मी तुला सांगायचं का? येत्या शनिवारी आबांची पुण्यतिथी. अशा अवस्थेत तू गादीवर उभा राह्यलास तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील. माझं एकच म्हणणं. माळ उतरव, देवापुढं ठेव. पिणं सुटलं की मीच माझ्या हातानं परत घालीन.” मारुतरावांनी आवाज मऊ केला. “आणि शनिवारचं कीर्तन जयदीप करंल. तात्पुरतं.”

‘तात्पुरतं’ हा शब्द मुंगसे घराण्यात जपून ऐकावा लागतो. वाटणीत विहीर मारुतरावांकडे तात्पुरतीच गेली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली.

“पिताना बघितलं का कुणी?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“वहिनी, पिणारा काय आमंत्रण देऊन पितो व्हय?”

“आई, मी चौकशी केलीये,” निरंजन म्हणाला. त्यानं मोबाइल पुढे धरला, जणू आतून सुटकाच निघणार होती. “मुळशीकडे एक व्यसनमुक्ती केंद्र आहे. पंचेचाळीस दिवस. योगासनं वगैरे असतात. बाहेर कुणाला कळत पण नाही.”

“तुझ्या बापाला ठेवायला जागा बी बघून ठेवलीस?”

“मला दिसतंय ना, आई! सकाळी बाबा ठणठणीत असतात. संध्याकाळी मी हिंजवडीहून येतो, तेव्हा डोळा उतरलेला, जीभ जड. म्हणजे दिवसभरात घेतच असणार.”

निरंजन कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचा. चूक कधी उगवते, कशानं वाढते, कशानं मावळते, हे लिहून काढल्याशिवाय तिच्यावर मत देऊ नये, असं नव्या पोरांना बजावायचा. घरी आल्यावर ही शिकवण तो बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत असे.

दुर्गाबाईंचंही मन स्वच्छ नव्हतं. पाच आठवडे त्या नवऱ्याचं उपरणं धुवायला टाकण्याआधी हुंगून बघत होत्या. वास यायचा तो बुक्क्याचा आणि बडीशेपेचा. त्यावरून त्यांनी नवरा निर्दोष आहे असं ठरवलं नव्हतं. हल्ली वास न येणारी दारू निघाली असावी, असं ठरवलं होतं.

*

स्वयंपाकघराच्या दारात रुपाली उभी होती. हातात वाटी, वाटीत चहात भिजवलेलं बिस्कीट, आणि मुठीत एक गोळी. साडेतीनला द्यायची गोळी. पण काकासासरे पाहुण्यांच्या रिवाजाप्रमाणे अर्धा तास आधीच आले, आणि सासऱ्यांनी उघड्या डोळ्यानं तिला खूण केली : आत ठेव.

रुपालीला तीन आठवड्यांपासून सगळं माहीत होतं. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगची तपासणी हे तिचं काम. दिवा कधी लागतो, कधी मंदावतो, हे ती आठ-आठ तास बघायची. सासरे सकाळी दोन भाकऱ्या चावून खातात आणि रात्रीच्या जेवणात चौथ्या घासाला जबडा हातानं वर ढकलतात, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. वापरलं की मंद, विसावलं की परत ठीक. चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून तिनं त्यांना बाहेर नेलं आणि मेंदूच्या डॉक्टरांपुढे बसवलं. रक्त तपासलं, हाताला बारीक बारीक झटके देऊन यंत्रावर रेघा काढल्या, छातीचा स्कॅन झाला. नाव निघालं मायस्थेनिया ग्रॅव्हिस.

“मुळासकट जाईलच असं नाही, पण आटोक्यात राहतो,” डॉक्टर म्हणाले होते. “गोळी वेळेवर. पोटात काहीतरी असताना. पाऊण तासात असर होईल, तीन-चार तास टिकेल. पुढची औषधं रिपोर्ट बघून सुरू करू. गिळायला किंवा श्वासाला त्रास वाटला, तर तडक दवाखान्यात यायचं. घरी बसून विचार करत राहायचं नाही.”

परतताना रिक्षात मालोजींनी गळ्यातल्या माळेला हात लावून सुनेकडून शपथ घेतली. कुणाला सांगायचं नाही. मारुतीला कळलं तर गादी गेली.

व्हिडिओ आला तेव्हा ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती, “बाबा, आता तरी सांगू द्या. लोक दारुडा म्हणतायत.”

“म्हणू दे. दारू सुटते, पोरी. दारुड्याला लोक परत कीर्तनाला उभं करत्यात, वर टाळ्या बी वाजवत्यात. आजाऱ्याला शाल देऊन घरी बसवत्यात.”

हा तर्क ऐकून रुपालीनं शपथ पाळली होती. जो माणूस उभं आयुष्य श्रोत्यांसमोर काढतो, त्याला श्रोते कळतातच.

एकादशीला झालं ते एवढंच, की मालोजींनी गोळी घेतली नव्हती. मुंगसे घराण्याचा नेम होता, कीर्तनकारानं उपाशी पोटी उभं राहायचं. एकादशी असो, द्वादशी असो, गादीवरून उतरेपर्यंत अन्नाचा कण नाही. आबांपासून चालत आलेला नेम. रिकाम्या पोटी एकदा गोळी घेतली, तर पोटात असा मुरडा आला की मालोजी बाथरूमच्या दाराला धरून बसले. तेव्हा नेम आणि गोळी यांत एकाला सोडायचं होतं. त्यांनी गोळी सोडली.

*

“दादा, तुला काय म्हणायचंय का?” मारुतरावांनी विचारलं. न्याय पुरा व्हावा, अशी त्यांची इच्छा होती.

मालोजींनी हनुवटीखालचा हात काढला. “मारुती,” ते म्हणाले. पहिला शब्द खणखणीत आला. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तोच आवाज. “मी दारूला शिवलो न्हाई. आबांनी घातलेली माळ हाय ही. तुला जर...” इथून पुढे शब्दांचे काठ विरघळायला लागले. ‘माळ’चा ‘ळ’ कुठेतरी घरंगळला. चौथ्या वाक्याला सगळं नाकातून यायला लागलं, आणि ते थांबले.

“बघा,” मारुतराव हळूच म्हणाले. त्यांना समाधान लपवता येत नसे. “बघा जिभेकडं.”

“बाबा, प्लीज,” निरंजन म्हणाला. “माळ काढून ठेवा ना. काय फरक पडतो? वाद तरी मिटेल.”

हे मात्र मालोजींना लागलं. भावाचं बोलणं ते अंगावर घेऊ शकत होते, भावाचा तो हक्कच असतो. पण ‘काय फरक पडतो’ हे मुलाच्या तोंडून आलं. त्यांनी खुर्चीत पाठ सरळ केली. ठीक आहे, घ्या माळ. दोन्ही हात मानेमागे न्यायला त्यांनी उचलले. हात छातीपर्यंत आले. खांद्यापर्यंत आले. तिथे थरथरले आणि मांडीवर पडले.

त्यांनी पुन्हा उचलले. या वेळी छातीपाशीच थांबले.

“काढायची न्हाई त्याला,” मारुतराव म्हणाले. “उगं देखावा चाललाय.”

“काढायची आहे त्यांना!” रुपाली दारातून पुढे आली. वाटी टीपॉयवर आपटली, तर भिजलेलं बिस्कीट मारुतरावांच्या पायजम्यावर उडालं. “हातच वर जात नाहीयेत त्यांचे. बाबा, माझी शपथ मोडली. पाप लागलं तर मला लागू दे. काका, ही दारू नाही, आजार आहे. तीन आठवड्यांपूर्वी निदान झालंय.”

“तीन आठवडे?” निरंजन उठून उभा राहिला. “तुला माहीत होतं? मला का नाही सांगितलं?”

“शपथ घातली होती त्यांनी. आणि तू कामात होतास. केंद्र शोधत होतास.”

निरंजन खाली बसला.

“कसला आजार?” मारुतराव पायजमा झटकत म्हणाले. “एका कंपनीच्या गेटवर तीस वर्षं काढलीत मी, सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून. आजारपणाची सर्टिफिकेटं लय बघितलीत. दिवाळीच्या पुढंमागं तर साथच यायची.”

“गेटवर होतात ना? मग तुम्हालाच आधी कळेल,” रुपाली म्हणाली. “हात उचल, असा निरोप मेंदू सोडतो. निरोप नसेतून शेवटपर्यंत नीट येतो. पुढे स्नायू बसलाय, काम करायला तयार. पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये बारीक फट असते. नस त्या फटीत रसायन सोडते आणि स्नायूवरच्या खाचांनी ते झेलायचं असतं. आपल्या वायरिंगचा कनेक्टर असतो ना, तसं. वायर चांगली, मोटर चांगली, पण पिनांवर कुणीतरी मेण फासलंय.”

“कुणी फासलं?”

“आपल्याच रक्तानं. शरीराचे पहारेकरी असतात, बाहेरच्या जंतूंना अडवणारे. त्यांचा गैरसमज झालाय. घरच्याच खाचांना चोर समजून ते त्यांच्यावर ठाण मांडून बसलेत, काही तर मोडून टाकल्यात. समजा, तुमच्या सिक्युरिटीनं रोजच्या कामगारांनाच चोर ठरवलं आणि हजेरीची यंत्रं झाकून टाकली. दहातली तीन चालू. पहिले काही आत जातील. नंतर नुसती रांग. सकाळी विश्रांतीनंतर बाबांचं म्हणूनच ठीक चालतं. बोलत गेले, चावत गेले, हात वापरत गेले, की निरोप पोचायचा बंद होतो.”

“म्हणजे घरच्याच माणसाला चोर ठरवून सगळे त्याच्याभोवती बसलेत,” जयदीप म्हणाला.

“तू गप,” मारुतराव म्हणाले. “गोष्ट झकास सांगितलीस, सूनबाई. पण गोष्टीचं काय, रोज जयदीप बी सांगतो.”

रुपालीनं वाद घातला नाही. आत जाऊन फ्रीजरमधले बर्फाचे तुकडे आणले, रुमालात बांधले आणि मालोजींच्या उतरलेल्या पापणीवर धरले. “निरंजन, दोन मिनिटं लाव.”

निरंजननं मोबाइलवर दोन मिनिटं लावली. व्यसनमुक्ती केंद्राचं पान बंद केल्यावरच त्याला घड्याळ सापडलं.

दोन मिनिटं ही तशी किरकोळ गोष्ट. पण नातेवाइकांनी एकमेकांकडे न बघता ती काढायची म्हटलं, तर एकादशीचा जागर परवडला. मारुतराव पंख्याकडे बघत होते. जयदीप झब्ब्याच्या बाहीकडे. दुर्गाबाई बर्फातून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या. ते नवऱ्याच्या गालावरून उतरून माळेच्या मण्यांत जात होतं.

मोबाइल वाजला. रुपालीनं रुमाल काढला. पापणी वर होती. पूर्ण नाही, पण दोन्ही डोळे जवळजवळ सारखे.

“थंडाव्यानं त्या जोडावरचं काम थोडा वेळ सुधारतं,” रुपाली म्हणाली. “थोडाच वेळ.”

तो उघडलेला डोळा दुर्गाबाईंकडे वळला. त्यांना उपरण्यांची आठवण झाली आणि त्यांनी तोंड फिरवलं.

“बर्फानं चढलेली बी उतरते,” मारुतराव म्हणाले. पण आता आवाजात गेटचा दरारा उरला नव्हता.

“अप्पा, बास,” जयदीप म्हणाला.

*

जयदीपनं ते कीर्तन आठ दिवसांत किती वेळा पाहिलं, हे तो कुणाला सांगणार नव्हता. ग्रुपवर फिरला तो चाळीस सेकंदांचा तुकडा. त्याच्याकडे पूर्ण दोन तास होते, त्याच्याच कॅमेऱ्यानं घेतलेले. पहिल्या दोन-तीन वेळा त्यानं ते आनंदानं पाहिलं, हे कबूल करायला हवं. मोठ्या बाबांसारखी, म्हणजे मालोजींसारखी, चाल आपल्याला कधी जमणार नाही, हे ज्याला लहानपणापासून कळून चुकलंय, त्याला असा आनंद होतो. देव त्याला क्षमा करो, आणि करतोही. पण नंतर त्याच्यातला कीर्तनकार ऐकायला लागला. कानाला मत्सर जमत नाही.

“कीर्तनात मध्येच गायक चाल उचलतात,” तो म्हणाला. “तेवढी पाच मिनिटं कीर्तनकार नुसता उभा असतो. खरंय ना अप्पा?”

“मग?”

“पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये गायकांनी तीनदा चाल घेतली. प्रत्येक वेळी आधी मोठ्या बाबांचे शब्द तुटतायत. गायकांचं झालं, की यांची पुढची दोन-तीन वाक्यं घंटेसारखी स्वच्छ. डोळा पण उघडलेला. परत बोलायला लागले, परत तुटतायत. तीनदा, अप्पा. उभ्या उभ्या पाच मिनिटांत उतरते आणि काही न पिता परत चढते, अशी दारू कुठे मिळते?”

मारुतराव पायजम्यावरचा बिस्किटाचा डाग पुन्हा चोळायला लागले.

“हे तुला कधी कळलं?” दुर्गाबाईंनी विचारलं.

जयदीपचे कान लाल झाले. “बुधवारी.”

“आज रविवार हाय.”

“शनिवारचं कीर्तन मला मिळणार होतं, काकू.”

एवढं सरळ वाक्य त्या खोलीत दुपारपासून कुणी उच्चारलं नव्हतं. मालोजींच्या तोंडातून आवाज निघाला. ओठांचे कोपरे वर गेले नाहीत, वरचा ओठ तेवढा दातांवरून सरकला. अनोळखी माणसाला वाटलं असतं, ते गुरगुरतायत. रुपालीला माहीत होतं, ते हसत होते.

निरंजन उठला. काही न बोलता वाटी घेऊन आत गेला, दुसरं बिस्कीट भिजवून आणलं, आणि बापाच्या शेजारच्या खुर्चीत बसून चमच्यानं भरवायला लागला. दर घासाला तो थांबत होता. गिळल्याची खात्री झाली की पुढचा. मग गोळी.

“पाऊण तास लागेल,” रुपाली म्हणाली.

कुणाला घरी जाता येईना. माळ उतरवायला आलेल्या माणसांनी आता औषधाचा असर होईपर्यंत बसायचं, याला काही रिवाज नव्हता. मारुतरावांनी हिंजवडी-माण रस्त्यावरच्या गर्दीचा विषय काढला. निरंजननं तो पुढे नेला. दोघंही त्या गर्दीवर इतक्या तळमळीनं बोलले, की आज इथे तिच्यासाठीच जमलोय असं वाटावं.

*

सव्वापाचला मालोजी बोलले.

“शनिवारी मीच उभा राहणार.” आवाज अजून पातळ होता, पण शब्द शब्दासारखे होते. “दोन तास जमायचं न्हाई, ठावं हाय मला. एक तास. पुढचा तास जयदीपचा. आजाराचं लोकांना मी स्वतः सांगीन, गादीवरनंच.”

जयदीपनं उठून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. झब्बा पहिल्यांदाच चुरगळला.

“चालेल, डॉक्टरांना विचारून,” रुपाली म्हणाली. “पण पाऊण तास आधी काहीतरी मऊ खाऊन गोळी घ्यायची.”

“खाऊन न्हाई. उपाशीच.”

“बाबा, उपाशी पोटी गोळी झेपत नाही तुम्हाला.”

“मग त्या दिवशी गोळी नको.”

“आणि गिळताना पाणी श्वासनलिकेत गेलं तर? श्वास अडकला तर? हजार माणसांसमोर...”

“गादीवर गेलो तर त्याच्यासारखं मरण न्हाई.”

“हां!” मारुतराव एकदम सरसावून बसले. तासाभरापूर्वी ज्या भावाची माळ काढायला निघाले होते, त्याच्या खुर्चीला त्यांनी आता हात लावला. “याला म्हणत्यात निष्ठा. नेम म्हंजे नेम. आबांनी साठ वर्षं पाळला. दादा बरोबर बोलतोय. पोरीबाळींनी यात पडू नये.”

दारूच्या आरोपावरून फुटलेले दोघं भाऊ आत्महत्येच्या मुद्द्यावर एक झाले. निरंजन आईकडे बघत होता. रुपालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ज्या माणसासाठी तिनं शपथ मोडली, तो तिलाच हरवायला बसला होता.

“आबा उपाशी उभं राहत न्हवते,” दुर्गाबाई म्हणाल्या.

मारुतरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय?”

“मी लगीन करून आले त्याच वर्षी आबांना साखरेचं दुखणं निघालं. कीर्तनात चक्कर येऊन पडता पडता राह्यले. तवापासनं दर कीर्तनाच्या आधी देवळामागच्या गोठ्यात मी वाटी घेऊन जायची. दुधात कुस्करलेली भाकरी. खायचे, चूळ भरायचे, मिश्या पुसायचे, आन् मग यिऊन गादीवर उभं राहायचे. पोरांना सांगू नको म्हणून मला माळेची शपथ घातली हुती.” त्या सुनेकडे वळल्या. “या घरात सुनांना दुसरं काय मिळत न्हाई. शपथा तेवढ्या मिळत्यात.”

“किती वर्षं?” मालोजींनी विचारलं.

“जाईपर्यंत. बारा.”

“आन् मी!” मारुतराव ओरडले. “मी टाळ धरायला बी उपाशी उभा राहतोय! वीस वर्षं पित्ताच्या गोळ्या खातोय मी, वहिनी!”

“खाऊन उभं राहायचं मग. कुणी धरलं हुतं?” दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा चढलेला निरंजननं कधी ऐकला नव्हता. “आबांच्या तोंडी देव न्हवता व्हय, पोटात भाकरी हुती म्हणून? दहा गावं त्यांच्यासंगं रडायची. मी आज शपथ मोडली.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमच्या कपड्यांचा वास घेत हिंडले पाच आठवडे, त्याचं पाप हाय माझ्या डोक्यावर. त्यात हे एक. पण उपाशी उभं राह्यलात, तर मी मांडवात यिऊन सगळ्यांदेखत भरवीन. बगा मग.”

मालोजी बायकोकडे बघत राहिले. पाच आठवडे वास घेतल्याचं त्यांना आत्ता कळत होतं, आणि आबांच्या भाकरीचंही आत्ताच. यातल्या कशावर आधी रागवावं, ते त्यांना ठरवता येईना. शेवटी ते मानेला टेकू न देता भावाकडे वळले.

“मारुती. नेम मोडणाऱ्याची माळ उतरवायची, अशी पद्धत काढलीस ना आज?” त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे बोट केलं. फोटोला चंदनी हाराखाली तुळशीची माळ घातलेली होती. “सुरुवात थोरल्यांपासनं करू. माझे हात वर जात न्हाईत. तुझे चांगले हायत. उतरव.”

मारुतराव खरंच उठले. दोन पावलं फोटोकडे गेले. साठी ओलांडलेला धडधाकट माणूस. नसा ठीक, खांदे ठीक, मधल्या जोडावर कुठलाही पहारेकरी नाही. फोटोतले आबा मिशीत हसत होते. पंचवीस वर्षं मुंगसे घराण्याला तो वैराग्याचा भाव वाटत आला होता.

मारुतरावांचे हात काही उचलले नाहीत.

पाठमोरेच राहून फोटोकडे बघत ते म्हणाले, “वहिनी, शनिवारी भाकरी जरा जास्तच कुस्करा. दादाला गिळाय त्रास हाय. आन् दोन वाट्या करा. एकट्यानं जेवायची सवय न्हाई त्याला.”

दुर्गाबाईंनी जयदीपकडे पाहिलं. तो पोह्यांच्या प्लेटा गोळा करायचं निमित्त करून मान खाली घालून उभा होता.

“तीन,” त्या म्हणाल्या.